चिटणीस कुणी ठरवायचा?

शेतकरी कामगार पक्षात सगळ्यांत वरचं पद सरचिटणीसाचं. त्याखाली जिल्हा चिटणीस, मग तालुका चिटणीस. नोव्हेंबर 2024 च्या विधानसभा निवडणुकीत या पक्षाचा एकच आमदार आला, तो सांगोल्याचा. त्याआधी जुलैमध्ये सरचिटणीस जयंत पाटील विधान परिषदेची निवडणूक हरले होते, आणि पुढं रायगडातले काही जुने सहकारी पक्ष सोडून गेले. याच पक्षानं 1977 साली लोकसभेवर पाच खासदार पाठवले होते. त्यातले तीन मराठवाड्याचे : लातूरचे उद्धवराव पाटील, नांदेडचे केशवराव धोंडगे आणि परभणीचे शेषराव देशमुख. एवढी घसरण झाल्यावर पुढचा नेता कोण आणि पक्ष कुठल्या वाटेनं न्यायचा, हे प्रश्न उघडपणे मांडावेच लागतील. अलिबाग, सांगोला आणि मुंबईत ते मांडले जातातच. मला ते खुलताबादला मांडून पाहायचे आहेत. इथं पक्षाच्या हातात आमदारकी नाही, कारखाना नाही, बँक नाही, त्यामुळे पदाच्या लोभाचा धुरळा बाजूला ठेवून बोलता येतं. शिवाय पुरोगामी पक्षानं आज कुठली भूमिका घ्यायची, हा प्रश्न औरंगजेबाच्या कबरीमुळं या गावाच्या दारातच येऊन उभा आहे. पुढच्या संवादातले गुरुजी आणि ताई कल्पित आहेत. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, जुन्या लाल बावट्याचे; ताई तालुका न्यायालयात वकिली करणाऱ्या. त्यांच्या तोंडचे मुद्दे मात्र डाव्या आणि आंबेडकरी चळवळीत गेली सत्तर वर्षं खरोखर घासले गेले आहेत. माझा कल कुणाकडे आहे ते मी शेवटी सांगतो.

गुरुजी : ताई, सरचिटणीस सदस्यांच्या मतदानानं निवडा, असं तू म्हणतेस. ऐकायला बरं वाटतं. पण मूठभर माणसांच्या पक्षात मतदान घेतलं की एका पक्षाचे दोन होतात. रिपब्लिकन पक्षाचं बघ. बाबासाहेबांच्या मनातला पक्ष 3 ऑक्टोबर 1957 ला नागपुरात स्थापन झाला, एन. शिवराज अध्यक्ष झाले, आणि थोड्याच काळात दादासाहेब गायकवाड एकीकडे तर बी. सी. कांबळे दुसरीकडे. 1998 ला लोकांच्या रेट्यानं गट एकत्र आले तेव्हा काँग्रेसशी युती करून चार खासदार निवडून आले : प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, जोगेंद्र कवाडे, रामदास आठवले. पुढच्या निवडणुकीला पुन्हा चुली वेगळ्या. आपलंही काही निराळं नाही. केशवराव जेधे आणि शंकरराव मोरे यांनी 1947 ला पक्षाचा पाया घातला, 1950 ला दाभाडीच्या प्रबंधानं मार्क्सवाद स्वीकारला, आणि वाद पेटले. नाना पाटील आणि दत्ता देशमुख यांच्यासारखे लढाऊ लोक गेले. काही वर्षांत जेधे आणि मोरेही काँग्रेसमध्ये परतले. एवढं पाहिल्यावर मी म्हणतो, चार जाणत्यांनी बसावं, एकमतानं नाव काढावं आणि अधिवेशनात हात वर करून मंजुरी घ्यावी. गरिबांच्या पक्षाला फूट परवडत नाही.

ताई : गुरुजी, तुम्ही सांगितलेल्या फुटींपैकी एक तरी सदस्यांच्या मतदानातून झाली का? रिपब्लिकन पक्षातलं भांडण वाटेवरचं होतं. दादासाहेबांना भूमिहीनांचे लढे आणि डाव्यांशी सोबत हवी होती. दुसऱ्या बाजूला शिकलेला शहरी वर्ग होता, त्याला घटनेच्या चौकटीतलं राजकारण जवळचं वाटत होतं. दोन्ही बाजूंना आपापलं खरं वाटणं साहजिक होतं. पण हा वाद सोडवायचा कुठं, याची सर्वांनी मानलेली जागा पक्षात नव्हती, म्हणून तो दोन पक्षांत जाऊन थांबला. आता दुसरीकडे बघा. 1959 ला आपल्या मराठवाड्यात आणि खानदेशात भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, आणि 6 डिसेंबर 1964 पासून देशभर झाला. लाखो माणसं तुरुंगात गेली. गावकुसाबाहेरच्या बायका लेकरं काखेत घेऊन गेल्या. तुरुंगात जायला त्यांना हाक होती, पण पक्षाची दिशा ठरवताना त्यांना विचारायची रीत कधी रुजलीच नाही. ती रुजली असती तर नेत्यांच्या बेबनावाला एवढी मोकळीक मिळाली नसती. आपल्याकडेही जेधे आणि मोरे गेले ते वरच्या बैठकीतून उठून गेले. तरी 1957 च्या संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत पक्ष पुन्हा उभा राहिला आणि 1977 ला पाच खासदार आले. वरचे गेले तरी पक्ष टिकला, तो खालच्यांनी टिकवला. मग निर्णयाची वेळ आली की खालच्यांना बाहेर का बसवायचं?

गुरुजी : 1977 चं फार ताणू नकोस. आणीबाणीविरुद्धची लाट होती. त्या लाटेत आपल्या औरंगाबादेतून जनता पक्षाचे बापू काळदातेही निवडून आले. आणि खालचे म्हणजे तरी कोण? लोक मत देतात ते ओळखीच्या घराला. सांगोल्याचं उदाहरण ताजं आहे. गणपतराव देशमुख अकरा वेळा आमदार झाले. 2019 ला त्यांचे नातू अनिकेत 768 मतांनी पडले, 2024 ला दुसरे नातू बाबासाहेब निवडून आले. सगळ्या महाराष्ट्रात पक्षाची जी एक जागा उरली ती घराण्यानं राखली. रायगडात नारायण नागू पाटलांपासून तिसरी पिढी पक्ष चालवते आहे. पैसा, गाड्या, वकील, कार्यालयाचं भाडं हे कुणीतरी उचलावं लागतं. तुझ्या मतदानानं एखादा बिनपैशाचा चिटणीस निवडून आला, तर तो पहिल्याच निवडणुकीत झोपेल.

ताई : लाट होती हे खरं. पण लाटेत ज्याची नाव पाण्यात असते तोच तरंगतो. 1972 च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या बायकांच्या मजुरीसाठी आपले लोक तहसीलवर मोर्चे नेत होते. दुष्काळातल्या त्या कामांमधून रोजगार हमीचा कायदा आला, 1977 ला मंजूर झाला आणि 1979 ला लागू झाला. उद्धवराव आणि धोंडगे यांना पडलेल्या मतांत ती वर्षं होती. सांगोल्याचंही तसंच वाचावं लागेल. गणपतरावांनी आटपाडीच्या पाणी परिषदांमध्ये नागनाथअण्णा नायकवडी यांच्यासोबत दुष्काळी तालुक्यांच्या पाण्यासाठी वर्षानुवर्षं लावून धरलं. मतदार ते काम विसरले नाहीत, आणि नातवाला मिळालेल्या मतांत त्या कामाचा मोठा वाटा आहे. रायगडातही नारायण नागू पाटील मोठे झाले ते चरीच्या संपानं. 1933 ला अलिबागेजवळच्या चरी गावात कुळांनी सभा घेऊन ठरवलं की खोतांची जमीन कसायची नाही. जमीन पडीक राहिली आणि माणसं मोळ्या विकून जगली, पण संप सहा वर्षं टिकला. कशामुळं टिकला? उपाशी राहायचा निर्णय उपाशी राहणाऱ्यांनीच घेतला होता. आपल्या परंपरेचा उगम तिथं आहे. नातवंडांनी राजकारणात यावं, जरूर यावं, पण सभेत उभं राहून मत मागून यावं. अनिकेत आणि बाबासाहेब यांनाही विधानसभेसाठी लोकांपुढं जावंच लागलं ना? मग पक्षाच्या पदासाठी सदस्यांपुढं जायला हरकत काय?

गुरुजी : घराण्यातला अनुभव असा मोडीत काढू नकोस. ज्या घरात मोर्चे निघाले त्या घरातल्या पोराला चळवळ न शिकवता येते.

ताई : कधी येते, कधी येत नाही. ती आली की नाही हे तपासायचं कसं, एवढंच मी विचारते. आपल्या गावाबाहेर मलिक अंबरचा मकबरा आहे. हबशी मुलखातून गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस दख्खनला आला. 1600 ला अहमदनगर पडल्यावर त्यानं विखुरलेली निजामशाही पुन्हा उभी केली, 1610 च्या सुमारास खडकी वसवली, नहरीनं पाणी आणलं, जमिनीचा कस पाहून धारा बांधला, 1624 ला भातवडीला दोन फौजांशी एकाच वेळी लढून जिंकला. शहाजीराजे त्या लढाईत त्याच्या बाजूनं होते. त्याची पारख प्रत्येक पायरीवर झाली. 1626 ला तो गेला आणि अधिकार मुलाकडे, फत्तेखानाकडे गेला. पुढं काय झालं? सुलतानानं फत्तेखानाला कैद केलं, मग सोडलं. त्यानं सुलतानालाच मारलं आणि एका पोराला गादीवर बसवलं. 1633 ला दौलताबादचा किल्ला मोगलांच्या हाती गेला. बापानं पाव शतक राखलेलं राज्य सात वर्षांत बुडालं. एकट्या फत्तेखानाला दोष देऊन हे सुटत नाही, मोगलांचं बळही मोठं होतं. पण त्याला पारखायची किंवा बदलायची कुठलीच सोय त्या व्यवस्थेत नव्हती. कैद किंवा खून एवढेच दोन मार्ग होते. पक्षात पारखायची सोय नसली की खुनाच्या जागी पक्षांतर येतं, आणि तेच आपण पाहतो आहोत.

गुरुजी : मलिक अंबरला कुणी मतं घातली नव्हती, तो तलवारीनं वर आला. त्याच्यावरून लोकशाही शिकवू नकोस. मतदानाचं खरं उदाहरण मी देतो. ब्रिटनच्या मजूर पक्षात नेता सदस्य निवडतात. 2015 ला त्यांनी जेरेमी कॉर्बिन यांना पहिल्याच फेरीत 59.5 टक्के मतं देऊन निवडलं. पुढच्याच वर्षी पक्षाच्या 172 खासदारांनी त्यांच्यावर अविश्वास दाखवला, तरी सदस्यांनी पुन्हा त्यांनाच निवडलं. 2019 ला पक्षाला 1935 नंतरच्या सर्वांत कमी जागा मिळाल्या. सदस्याला आवडणारा नेता मतदाराला आवडेलच असं नाही. सभेला येणारा माणूस कडवा असतो, मतदार सावध असतो.

ताई : हा तुमचा सगळ्यांत जड आक्षेप आहे. सदस्य आणि मतदार यांच्यात अंतर असतं हे मला मान्य आहे. पण पूर्ण हकीकत अशी की त्याच कॉर्बिन यांच्या नेतृत्वाखाली 2017 ला पक्षाला 40 टक्के मतं पडली होती. आणि 2019 च्या पराभवानंतर 2020 ला सदस्यांनीच मतदान करून दुसरा नेता निवडला, तो पक्ष 2024 ला सत्तेत आला. त्या नेत्याची धोरणं पटोत न पटोत. ज्या मतदानानं चूक केली असं तुम्ही म्हणता, ती दुरुस्तही त्याच मतदानानं झाली. बंद खोलीत झालेली चूक कोण दुरुस्त करणार? आपल्याकडचं उदाहरण घ्या. एप्रिल 2025 मध्ये मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचं अधिवेशन मदुराईला झालं. सीताराम येचुरी यांच्या निधनानंतर एम. ए. बेबी सरचिटणीस झाले. तिथं केंद्रीय समितीसाठी वरून आलेल्या यादीविरुद्ध नाशिकच्या कामगार चळवळीतले डॉ. डी. एल. कराड उभे राहिले. मतदान झालं. त्यांना 31 मतं पडली, ते हरले, आणि पक्ष काही फुटला नाही. त्या पक्षात सचिवाला तीनच मुदती आणि समितीत बसायला वयाची मर्यादा, असेही नियम आहेत. वरून यादी आणायची त्यांची पद्धत मला पटत नाही. पण यादीविरुद्ध उभं राहता येतं आणि मतं मोजली जातात, एवढ्यानंही हरलेला माणूस पक्षात राहू शकतो. फूट टाळायची असेल तर हरायची सन्माननीय सोय करावी लागते.

गुरुजी : बरं, नेत्याचं सोड. दिशेचं बोल. ती मतदानावर सोडलीस तर या गावात काय होईल, याचा विचार केलास? मार्च 2025 मध्ये औरंगजेबाची कबर हटवायची मागणी पेटली. 17 तारखेला नागपुरात दंगल झाली. इथं पोलीस बसले, कबरीभोवती पत्रे ठोकले. अशा दिवसांत पक्षानं त्या वादात पाय घालायचाच नाही. कापसाचा भाव, मका, आल्याचं नुकसान, पीकविमा, धरणाचं पाणी यावर बोलायचं. कबरीवर बोललं की आपला कापूसवाला तिकडे जातो, गप्प बसलं की निदान तो राहतो.

ताई : खरंच राहतो का? गेल्या तीस-पस्तीस वर्षांत मराठवाड्यातला आपला शेतकरी आपण भावावर बोलत असतानाच गेला. आपल्या भाषणातलं भावाचं त्याला पटत होतं, पण गावात भांडण पेटलं की आपण घरी असायचो आणि दुसरे चौकात असायचे. या तालुक्यात हे दोन विषय वेगळे राहतच नाहीत. दर्ग्याच्या वाटेवर चादर आणि फुलं विकणारा, भद्रा मारुतीला शनिवारी नारळ विकणारी, वेरूळला पाहुणे नेणारा रिक्षावाला, हे सगळे एकाच रस्त्यावर जगतात. संचारबंदीची नुसती हूल उठली तरी गिऱ्हाईक सगळ्यांचंच तुटतं. औरंगजेबाची बाजू घ्या असं मी म्हणत नाही. संभाजी महाराजांना त्यानं हाल करून मारलं, हे या मातीत कुणी विसरलेलं नाही. पण कबर कायद्यानं संरक्षित आहे, आणि तिच्या नावानं आज जिवंत माणसांच्या पोटावर पाय देऊ नका, एवढं बोलायला पुरोगामी पक्ष लागतो. मुंबईच्या कार्यालयात यावर पत्रक काढणं सोपं आहे. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर त्या पत्रकाचं उत्तर इथल्या कार्यकर्त्याला द्यावं लागतं, आणि त्याच्या दुकानावर दगडही येऊ शकतो. म्हणून माझं म्हणणं एकच आहे : भूमिकेची किंमत ज्याला मोजावी लागते, त्याचं ती ठरवण्यात मत हवं.

गुरुजी : आणि त्याच मतानं त्यानं उलटं ठरवलं तर? बहुमतानं म्हणाले, कबर हटवा, तर तू लाल बावटा घेऊन पुढं होशील? शिवाय सदस्य नोंदणीची पावतीपुस्तकं कुठं जातात ते मला विचार. एकाच वाड्यावर दोनशे पावत्या फाडल्या जातात. सहकारी संस्थांच्या मतदार याद्या कशा फुगतात हे या जिल्ह्यात कुणाला सांगायला नको.

ताई : या दोन्ही भीती खऱ्या आहेत, आणि दोन्हींना उत्तर नियमांतच आहे. माणसाला माणूस म्हणून समान मानणं, जात आणि धर्मावरून कुणाचा हक्क न हिरावणं, जमिनीवर कसणाऱ्याचा हक्क, या गोष्टी मतदानाला टाकायच्याच नाहीत. त्या मान्य असतील तरच सदस्यत्व. देशाच्या घटनेतही मूलभूत हक्क रोजच्या बहुमतावर सोडलेले नाहीत. पावत्यांचं म्हणाल तर वर्षभराचा सदस्य असेल आणि त्या वर्षात एखाद्या तरी मोर्चात, सभेत किंवा कामात हजर असेल त्यालाच मत. यादी महिनाभर आधी तालुक्याला लावायची, हरकती घ्यायच्या, आणि मतमोजणीला बाहेरच्या जिल्ह्याचा माणूस नेमायचा. हे जमेल का, असं तुम्ही विचाराल. मार्च 2018 मध्ये नाशिकहून हजारो आदिवासी शेतकरी वनहक्कासाठी मुंबईला चालत आले. पायांना फोड आले होते, कुणाच्या चपलाही तुटल्या होत्या. मुंबईच्या वेशीवर पोचल्यावर दहावीच्या मुलांची परीक्षा अडू नये म्हणून ते विश्रांती सोडून रात्रीच आझाद मैदानाकडे निघाले. एवढी शिस्त आणि एवढा विवेक असलेल्या माणसांना मतपत्रिकेवर नीट खूण करता येणार नाही, असं आपण कुठल्या तोंडानं म्हणायचं?

इथं संवाद थांबवून मी माझं म्हणणं मांडतो. मी ताईच्या बाजूचा आहे. शेतकरी कामगार पक्षाला आज हुशार सरचिटणीस शोधण्याआधी त्याची निवड कशी करायची हे ठरवायला हवं. जो पक्ष गावच्या सोसायटीत, बाजार समितीत, कारखान्यात कष्टकऱ्याला मत मागतो, त्यानं आपल्या समितीत ते नाकारलं तर त्याची बाहेरची मागणीही पोकळ होते. हे ऐकणाऱ्यांना कळतं, आणि तरुण पोरं पक्षापासून लांब राहण्याचं मला दिसणारं मोठं कारण हेच आहे. गुरुजींचं एक म्हणणं मात्र मी ताईच्या मागणीत जोडतो. नियम आधी न ठरवता मतदान घेतलं तर ते खरंच फूट पाडेल. म्हणून क्रम असा हवा : पहिल्यांदा सदस्यत्वाचे नियम, मग दिशेचा मसुदा तालुक्यातालुक्यात चर्चेला, त्यावर दुरुस्त्या आणि मतदान, आणि त्यानंतर त्या दिशेला बांधलेल्या उमेदवारांतून सरचिटणीसाची निवड. आधी नाव ठरलं की मसुदा त्या नावाच्या मापानं बेतला जातो. मुदतीही ठरवाव्यात. दोन किंवा तीन मुदतींनंतर जागा मोकळी होणार हे माहीत असलं की खालच्या कार्यकर्त्याला वाट पाहायला कारण मिळतं, आणि वरच्याला नवी माणसं घडवायला.

यानं पुढच्या निवडणुकीत जागा वाढतील असं मी म्हणणार नाही. पैशाचा जोर, मोठ्या आघाड्यांनी छोट्यांना गिळणं, धर्माच्या नावावरचं ध्रुवीकरण, हे एका अंतर्गत मतदानानं हटणार नाही. पण ज्या पक्षाला आघाडीत एकेका जागेसाठी मिनतवाऱ्या कराव्या लागतात, त्याच्या सरचिटणीसामागं चार घरांची संमती असणं आणि हजारो सदस्यांची मतं असणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. वाटाघाटीच्या टेबलावर तो फरक समोरच्याला दिसतो. दाभाडीला पक्षानं प्रबंध मांडून, वाद घालून, दिशा ठरवली होती. ती बरोबर होती की चूक यावर मतभेद राहोत, पण दिशा लेखी मांडायची आणि तिच्यावर जाहीर वाद घालायचा, ही हिंमत त्या पिढीत होती. आजच्या पिढीनं ती उचलावी आणि त्यात तालुक्याच्या सदस्याचं मत जोडावं. पुढच्या अधिवेशनाची तारीख ठरेल त्याआधी खुलताबादसारख्या, जिथं पक्षाकडे काहीही नाही अशा तालुक्यांनी ठराव करून हे मागावं. गमावण्यासारखं त्यांच्यापाशी काही उरलेलं नाही, म्हणून पहिला ठराव करायचा हक्कही त्यांचाच आहे.